काचेवरची चकती

"मॅडम, गेली. पुन्हा गेली."

फोनवर थोरल्याचा आवाज होता. काय गेली, हे निरीक्षक बाईंनी विचारलंही नाही. त्या घरातून या हंगामात एकच वस्तू जात होती, आणि ती गेली की थोरला सकाळी सकाळी परवाना कार्यालयात फोन करायचा. बाईंनी चहा तसाच टेबलावर ठेवला आणि निघाल्या.

वस्तू म्हणजे चकती. पर्यटकांना भाड्यानं फिरवणाऱ्या प्रत्येक मिनीबसच्या समोरच्या काचेवर, आतल्या बाजूनं, परवान्याची गोल चकती चिकटवलेली असते. असते तळहाताएवढी, पण तिचा रुबाब मोठा. गाडी कोरी करकरीत असो, ड्रायव्हर देवमाणूस असो, चकती नसेल तर एकाही प्रवाशाला घेऊन फाटकाबाहेर पडायचं नाही. पर्यटकांनी दुसरी गाडी बघायची आणि मालकानं हात चोळत बसायचं.

आजची तिसरी खेप होती. आणि याच वर्षी नवा नियम निघाला होता. एका हंगामात तिसऱ्यांदा चकती गेली, तर तो मालकाचा निष्काळजीपणा समजायचा आणि परवानाच रद्द करायचा. बाहेरच्या माणसानं चोरल्याचं निरीक्षकानं लिहून दिलं, तरच सुटका. मालकाच्या घरातलं कुणी असेल, तर ते मालकानंच केलं असं धरायचं. नियम करणाऱ्यांचं काय जातं? त्यांना कुणाच्या दारात उभं राहून तो वाचून दाखवायचा नसतो. ते काम बाईंच्या वाट्याला.

कार्यालयात त्यांना पाठीमागे 'शंकासुर' म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नव्हती.

घर मागे, पुढे आवार, आणि मिनीबस फाटकात. अर्धी आत, अर्धी रस्त्यावर. धाकटा गाडी बाहेर काढत असतानाच थोरल्याचं लक्ष काचेकडे गेलं होतं आणि त्यानं बोंब मारून ती तिथेच थांबवली होती. समोरच्या फुटपाथवर पर्यटक दुसऱ्याच मिनीबसमध्ये चढत होते. एक आजी दाराशी ठेवलेल्या लाकडी स्टुलावर पाय देऊन सावकाश वर गेल्या, आणि गाडी निघूनही गेली.

"बघा," थोरला दात खाऊन म्हणाला, "आमची चकती जाते आणि त्याची गाडी दोन पावलांवर तयार असते. आणखी काय पुरावा पाहिजे?"

'त्याची' म्हणजे रस्त्यापलीकडच्या धंदेवाल्याची. या घरात त्याचं नाव कुणी घेत नसे. सगळे त्याला 'समोरचा' म्हणत. थोरल्याचं त्याच्याशी हाडवैर होतं आणि ते दोघंही मनापासून जपत होते.

बाईंनी विचारलं, "गाडीची किल्ली कुठे असते?"

"स्वयंपाकघराच्या दारामागे. खिळ्याला."

"रात्री दाराला कडी?"

"आतून. सकाळी मीच काढली."

"गाडीचं कुलूप तोडलंय?"

"नाही."

"मग चोर आत शिरला कसा?"

थोरल्यानं रस्त्यापलीकडे बोट केलं. "त्याला विचारा. दोघांच्या गाड्या एकाच गॅरेजला जातात. किल्लीवरून किल्ली करून घेणं काय अवघड आहे?"

बोलणं तसं खोटं नव्हतं. बाई गाडीत चढल्या. काच बघितली आणि पुन्हा बघितली. चकतीच्या जागी काहीच नव्हतं. डिंकाचा डाग नाही, कागदाचा कपटा नाही, बोटांचे ठसेसुद्धा नाहीत. काच लख्ख पुसलेली होती.

मग धाकट्याला बोलावलं. गाडी हाच चालवायचा. थोरला फोन, गिऱ्हाइकं, सरकारी खेपा सगळं बघायचा, पण त्यानं स्टिअरिंगला कधी हात लावला नव्हता. बसचा मालक असून त्याला वळणावळणाच्या रस्त्यावर उलटी होते, ही त्या घरातली जुनी थट्टा. धाकटा उमदा, हसरा गडी होता. आज मात्र जीभ जड झाल्यासारखा बोलत होता.

"जिभेला काय झालं?" बाईंनी विचारलं.

"झोपेत चावली. असं होतं हल्ली माझं." तो ओशाळून हसला. मग म्हणाला, "मॅडम, कदाचित चूक माझीच असेल. मी विसरभोळा झालोय. आज गाडी सुरू केली तर केवढा धक्का बसला. गिअरमध्येच होती, आणि चाकं पार भिंतीकडे वळवलेली. मी नुसता हँडब्रेक ओढून उतरतो. काल असं का करून ठेवलं, मला आठवतच नाही."

थोरला लगेच खेकसला, "डोकं ठिकाणावर असतं कुठे तुझं?" धाकट्यानं मान खाली घातली. बाईंना त्याची दया आली.

आप्पा, म्हणजे या दोघांचे वडील, बादली आणि फडकं घेऊन गाडीचं मागचं चाक पुसत होते. मिनीबस घ्यायच्या आधी आणि नंतरही, जन्मभर त्यांनी गाड्याच चालवल्या होत्या. परवाना पहिल्यांदा त्यांनीच काढलेला. डोळे अधू झाले तसा ड्रायव्हरचा बिल्ला परत केला आणि परवाना थोरल्याच्या नावावर केला. बाईंनी त्यांना रात्री काही आवाज आला का विचारलं. नाही म्हणाले. मग त्यांनीच विचारलं, तेही चाकाकडे बघत.

"या खेपेला तरी नवी चकती यायला हंगाम जाईल ना, मॅडम? आमच्या वेळी जायचा. गाडी तोवर घरीच असायची."

"आता चार दिवसांत येते, आप्पा. तुम्हाला दोनदा आली की. पण यावेळी येणार नाही. तिसऱ्यांदा गेली की परवानाच जातो."

आप्पांचा हात थांबला. फडक्यातलं पाणी पायावर गळत राहिलं.

"हे कधी झालं?"

"या वर्षी. तुमच्या थोरल्याला कळवलंय आम्ही."

"मला कुणी बोललं नाही," आप्पा म्हणाले.

थोरला म्हणाला की तुमच्या जिवाला घोर नको म्हणून सांगितलं नाही. आप्पांनी फडकं पिळलं, पुन्हा बुडवलं, आणि पुसून झालेलंच चाक पुन्हा पुसायला घेतलं.

बाईंनी रस्ता ओलांडला.

समोरचा गुळगुळीत दाढी केलेला, तोंडात साखर असलेला माणूस. त्यानं खुर्ची दिली, पंखा लावला. बाईंनी आडवळण न घेता सरळ मुद्द्याला हात घातला. तुमच्या धंद्याचा नियम स्पष्ट आहे. खाजगी मिनीबसला रस्त्यावर उभे असलेले प्रवासी उचलता येत नाहीत, आधीचं बुकिंगच लागतं. मग चकती आज सकाळी गेल्याचं कळलं, आणि पर्यटक लगेच तुमच्या गाडीत कसे?

"बुकिंग होतं ना," समोरचा म्हणाला. "कालच झालं."

"काल? चकती जायच्या आधी?"

त्याच्या तोंडातली साखर जराशी विरघळली. आपण काय बोलून गेलो, ते त्याला आत्ता उमगलं. त्यानं घाईघाईनं फोनवर बसणाऱ्या मुलीला पुढे केलं. मुलगी नवीन होती, घाबरलेली होती, पण खोटं बोलत नव्हती. फोन काल दुपारी आला. कुणी पुरुष होता, हळू बोलत होता. तिला वाटलं पर्यटकांचा वाटाड्या असेल. गाडी पूर्ण भरणार आहे म्हणाला. कुठे थांबायचं ते सांगितलं. आणि एका आजींना पायरी चढवत नाही, तेव्हा स्टूल आठवणीनं ठेवा, असंही म्हणाला.

"आधीच्या दोन्ही वेळेलाही असंच?"

"हो. आदल्या दिवशी बुकिंग. आम्हाला वाटलं, त्यांच्या गाडीचा भरवसा नाही म्हणून लोक आमच्याकडे येतात."

समोरचा रुमालानं कपाळ पुसत म्हणाला, "मॅडम, मी त्याचं वाईट चिंतलंय, खोटं कशाला बोलू. पण चोरी नाही केली."

बाई परत निघाल्या. दुसऱ्या कुणी निरीक्षकानं तिथेच प्रकरण मिटवलं असतं. चोरीच्या आदल्या दिवशी चोरीनंतरची सोय करून ठेवलेली, आणखी काय पाहिजे? पण बाईंच्या डोक्यात ते स्टूल अडकून बसलं होतं.

थोरल्याची बायको स्वयंपाकघरात होती. बुकिंगचा फोन तीच घ्यायची. तिचे डोळे रडून सुजले होते.

"मॅडम, एकच गाडी आहे आमची. परवाना गेला तर आम्ही खायचं काय? पोरांची शाळा आहे, भाऊजींचं लग्न करायचंय. काहीतरी करा हो."

बाईंनी आजींच्या गुडघ्याबद्दल विचारलं.

"हो, मला फोनवर बोलल्या होत्या त्या. मी जेवताना घरात सांगितलं, स्टूल काढून ठेवा म्हणून." ती थबकली. "तुम्हाला कसं माहीत?"

बाईंनी दुसरंच विचारलं. "चकती कोणकोणत्या दिवशी गेली, आठवतंय? त्या दिवसांत सारखं काय होतं?"

तिनं डोळे पुसले, विचार केला. एकदा समुद्राची सहल होती, एकदा किल्ल्याची, आज धरणाची. सारखं काहीच नाही. हं, तिन्ही वेळेला गाडी गच्च भरलेली होती. एकही सीट रिकामी नव्हती. त्या दिवशी आप्पांचा हिरमोड होतो ना, म्हणून लक्षात राहतं. एरवी ते पुढच्या सीटवर, भाऊजींच्या शेजारी बसून जातात. या वर्षीच हे वेड लागलंय त्यांना. पण परवान्यात जेवढ्या सीटा तेवढीच माणसं. गाडी भरली की आप्पा घरी.

बाई तिथल्याच पाटावर बसल्या. सगळं जुळलं होतं, आणि ते जुळलं नसतं तर बरं झालं असतं असं त्यांना वाटलं.

त्यांनी सगळ्यांना स्वयंपाकघरातच बोलावलं. थोरला, त्याची बायको, धाकटा. आप्पा दाराशी उभे राहिले.

"चोर बाहेरचा नाही," बाई म्हणाल्या.

थोरला उसळला. त्यांनी हातानंच त्याला बसवलं.

"काच बघा. चोराला घाई असते, तो चकती ओरबाडतो. इथे गरम ओल्या फडक्यानं डिंक मऊ केलाय, चकती सोडवलीय आणि मागची काच पुसून ठेवलीय. परक्याच्या गाडीची काच कोण पुसतं? दुसरं, गाडी गिअरमध्ये होती आणि चाकं भिंतीकडे. हँडब्रेकवर विश्वास नसायचा, त्या काळातल्या ड्रायव्हरची ही सवय. तो एकदा स्टिअरिंगमागे बसला की उतरताना हात आपोआप हे करतात. तू काही विसरलेला नाहीस रे. तू ते केलंच नव्हतंस."

धाकट्यानं मान वर केली.

"आणि तिसरं ते बुकिंग. समोरच्याला अडकवायचं किंवा तुम्हाला नुसतं बुडवायचं असतं, तर चोरानं चकती काढली असती आणि पर्यटकांना रस्त्यावर सोडलं असतं. पण यानं आदल्या दिवशी दुसरी गाडी सांगितली. का? तर आधी बुकिंग नसेल तर दुसऱ्या गाडीला माणसं उचलता येत नाहीत. चोरी करतानासुद्धा यानं नियम पाळला." त्या थोरल्याच्या बायकोकडे वळल्या. "म्हणजे बघा, तुम्ही जेवताना सांगितलेलं आजींचं स्टूलही तो विसरला नाही."

सगळ्यांच्या माना हळूहळू दाराकडे वळल्या.

"आप्पा?" थोरला म्हणाला.

आप्पांनी सदऱ्यात हात घातला आणि फडक्यात गुंडाळलेल्या चकत्या काढून ओट्यावर ठेवल्या. नाही म्हणाले नाहीत.

"का पण?" थोरल्याचा आवाज फाटला. "स्वतःच्या घरावर नांगर फिरवलात तुम्ही. का?"

तेव्हा बाईच बोलत्या झाल्या, कारण त्यांना वाटलं आपण उलगडा पूर्ण करतोय. गाडी तीच, ड्रायव्हर तोच, मग भरलेल्या दिवशी काय वेगळं होतं? आप्पा गाडीत नव्हते. म्हणजे आप्पा गाडीत असले की काहीतरी सांभाळत होते. पुढच्या सीटवर बसलेला म्हातारा काय सांभाळणार? एकच गोष्ट त्याच्या हाताशी असते. हँडब्रेक. आणि ड्रायव्हरचं भान हरपलं, तरच शेजारच्याला तो ओढावा लागतो. झोपेत जीभ चावलेली, कालचं काही न आठवणारं पोर...

एवढं बोलून त्यांनी धाकट्याकडे बघितलं आणि त्या मध्येच थांबल्या. त्याला ठाऊक नव्हतं.

"डुलकी लागली होती ना मला?" धाकटा म्हणाला. "त्या दिवशी पुलाजवळ. आप्पा, तुम्हीच म्हणालात. डुलकी लागली तुला, मी ब्रेक ओढला."

आप्पा खाली बसले.

"डुलकी नव्हती रे. डोळे उघडे होते तुझे. हात ताठ झालेले, तोंडाला फेस. मी ओळखलं, तुझ्या आईला आयुष्यभर बघितलं होतं मी."

"आईला?"

"तुम्ही लहान होतात. लोक तिला नावानं हाक मारायचे नाहीत, फेफरेवाली म्हणायचे. विहिरीवर, दुकानात, तिच्या माहेरीसुद्धा. ती गेली तरी फेफरेवाली गेली म्हणाले. तो शब्द मला माझ्या तोंडानं तुला लावता येईना. कितीदा तोंड उघडलं. नाही जमलं. म्हटलं, शेजारी बसेन. जिथे बसता येणार नाही तिथे गाडी जाऊ देणार नाही. चकती गेली की हंगामभर गाडी घरी, तोवर काहीतरी सुचेल. पण ती मेली चार दिवसांत परत यायची."

"दुसरा ड्रायव्हर ठेवला असता, आप्पा," थोरला म्हणाला. तो आता ओरडत नव्हता. "मला एकट्याला सांगायचं होतं. याला मी फोनवर बसवलं असतं. एवढंच तर करायचं होतं."

आप्पांनी मान हलवली. ते त्यांनाही आज सकाळपासून कळलं होतं.

धाकटा रडला नाही. सदऱ्यावरचा बिल्ला काढायला गेला, पण पिन निघेना, तेव्हा वहिनीनं ती काढून दिली.

बाई आवारात आल्या. आयुष्यात इतकं निरुपयोगी त्यांना कधी वाटलं नव्हतं. चोर सापडला होता आणि त्यात कुणाचंच भलं नव्हतं. थोरला मागून आला.

"मॅडम, आता तर तो चालवणार नाही. मी दुसरा ड्रायव्हर आणतो. तुम्ही फक्त एवढंच लिहा, की बाहेरच्यानं नेली. आमचं घर वाचेल. कुणाचं काय वाईट होणार आहे?"

बाईंनी हाच विचार पाटावर बसल्यापासून दहादा करून बघितला होता.

"बाहेरचा म्हणजे कोण?" त्या म्हणाल्या. "मी बाहेरचा लिहिलं की प्रकरण पोलिसांकडे जातं. ते पहिल्यांदा विचारतील, याचा फायदा कुणाला झाला. आदल्या दिवशीचं बुकिंग कुणाकडे सापडेल?"

थोरल्यानं रस्त्यापलीकडे बघितलं. समोरचा आपल्या दारात येरझाऱ्या घालत होता. त्याच्या खिडकीत फोनवरची मुलगी बसली होती आणि इकडेच बघत होती.

"त्याचा परवाना जाईल?"

"परवाना जाईल, आणि तो आतही जाईल."

थोरला बराच वेळ बघत राहिला. इतकी वर्षं त्यानं दुसरं काही मागितलं नव्हतं, आणि आज ते नुसतं हो म्हटल्यानं मिळत होतं.

"दुसरा काहीच मार्ग नाही का, मॅडम?"

"मी साहेबांच्या पाया पडेन. पण नियमात कारणाला जागा नाही. मला माहीत आहे ते काय म्हणतील."

"मग लिहा," थोरला म्हणाला. "घरातल्यानंच नेली म्हणून लिहा."

रस्त्यावर हॉर्न वाजायला लागले. मिनीबसचं नाक अजून रस्त्यातच होतं आणि मागे वाहनांची रांग लागली होती. बाईंनी गाडी आत घ्यायला सांगितली. किल्ली गाडीलाच होती, पण ती फिरवायला कुणी पुढे होईना. थोरल्याला येत नव्हतं, बाईंनाही नाही, आप्पांना दिसत नव्हतं, आणि धाकटा दारातून हलला नाही. शेवटी आप्पा चाचपडत वर चढले, स्टिअरिंग सरळ धरून बसले, आणि थोरला नि त्याची बायको रस्त्यावर येऊन गाडीच्या नाकाला टेकले. बाईंनीही खांद्यावरची पिशवी भिंतीला लावली आणि त्या हात लावायला गेल्या. मग धाकटा आला. तरी गाडी हलेना.

"अरे ढकलताय काय? चालू करून आत घ्या की," समोरचा पलीकडून ओरडला. त्यानं क्षणभर सगळ्यांचे चेहरे बघितले, चप्पल फटफटवत रस्ता ओलांडला, आणि बाह्या सारून खांदा लावायला जागा शोधू लागला.

थोरला त्याच्याकडे न बघता थोडा बाजूला सरकला आणि त्यानं त्याला जागा दिली.